नुसती शाल

हळदीकुंकवाचं तबक माझ्या आईसमोर येऊन थांबलं.

तबक धरलेली मुलगी आमच्याच संस्थेतली. कार्यकर्ती. माझ्याबरोबर चौकाचौकांत पत्रकं वाटलेली. आधीच्या दोघींपुढं ती थांबली नव्हती. पहिली बाई धायरीची, भाजीचा गाळा चालवणारी. तिला कुंकू, मग खणानारळाची ओटी, मग शाल. टाळ्या. दुसरी बाई विधवा. पोळ्या लाटून मुली शिकवल्या तिनं. तिला तर मुद्दाम ठसठशीत कुंकू लावलं आणि निवेदिका माईकवरून म्हणाली, "आमची संस्था असले भेद मानत नाही." टाळ्या जास्त. काही लोक उभे राहिले.

तिसरी माझी आई.

मुलीचं बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते तसंच हवेत राहिलं. तिनं वळून ताईंकडं पाहिलं. ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. मुलीनं हळूच विचारलं, "ताई, यांना लावायचं का?"

ताईंनी ओठ दुमडले. आईकडं पाहिलं, तबकाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं नको. ओटी राहू दे. यांना नुसती शाल दे."

पुढच्या रांगांना स्वच्छ ऐकू गेलं. आईलाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध, तुम्हाला कुंकू कशाला हवं? नकोच होतं. आईनं जन्मात ओटी घेतलेली नाही. कोणी विचारलं असतं तर ती "नको बाई" म्हणाली असती आणि विषय संपला असता. पण आम्ही बौद्ध आहोत म्हणून तबक थांबलं नाही. ही बाई नक्की कोण, हे त्यांना ठरवता येईना म्हणून थांबलं. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही. विधवा म्हणावं तर मेलेला नवरा नाही. कुमारिका म्हणावं तर मी आहे. विधवेला जवळ करण्याइतकी पुढारलेली संस्था. माझ्या आईपाशी आली आणि तिचं पुढारलेपण संपलं.

मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. हातात पत्रकांचा गठ्ठा. मीच लिहिलेली पत्रकं. माझे कान तापले. मला आधी राग आला असं लिहायला आवडलं असतं. नाही आला. आधी लाज वाटली. असं वाटलं, या हॉलमध्ये कोणी मला आईबरोबर पाहिलेलं नसावं.

आता सांगतो आम्ही कोण.

आमचं गाव पूर्वेकडं, विदर्भात. नाव सांगणार नाही, कारण आजी अजून तिथंच राहते. जयंतीची मिरवणूक गावाच्या मुख्य रस्त्यानं न्यायची की नाही यावरून गाव वस्तीवर चालून आलं. आधी रस्ते अडवले. मग तार तोडून वस्तीची वीज बंद केली. मग घरं पेटवली. पुरुष शेतांतून पळाले. ज्या बायकांना पळता आलं नाही त्यांना धरलं. आई तेव्हा कॉलेजच्या वयाची होती, कॉलेज बघितलेलं नव्हतं. केस झाली. साक्षीदार एकेक करून फिरले. सगळे सुटले. केस उभी राहिली तेव्हा मी पोटात होतो. बिबवेवाडीत मावशी राहायची, तिनं आईला इकडं आणलं. मी पुण्यात जन्मलो.

पुण्यात आल्यापासून आई विधवा आहे. म्हणजे मावशीनं तसं सांगून ठेवलं होतं. नवरा ट्रकखाली गेला. लोकांनी हळहळून खोली भाड्यानं दिली. मार्केट यार्डात भुसाराच्या गोदामात आईला धान्य निवडायचं काम मिळालं. तिथल्या बायका तिच्या मैत्रिणी झाल्या. त्या खोट्या ट्रकवर आमचं आख्खं आयुष्य चाललं होतं. नीट चाललं होतं.

खरं मला मावशीनं सांगितलं. मी बारावीत असताना. आई त्या विषयावर कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला दाढी यायला लागली तेव्हापासून आई माझ्याशी बोलताना माझ्याकडं पाहायची बंद झाली. ताटाकडं बघून बोलायची. दाराकडं बघून बोलायची. मी रोज सकाळी घोटून दाढी करायला लागलो. तरी नाही.

मग मी या संस्थेत लागलो. पत्रकं लिहायचं काम. मला ते जमायचं. मुद्दा, मागणी, उद्गारचिन्ह. यंदा विषय आला, युद्धातल्या बलात्कारांतून जन्मलेली मुलं. बोस्निया, रवांडा, बांगलादेश. मी एका बैठकीत लिहून काढलं. या मुलांना शत्रूची पोरं म्हणतात. शाळेत घेत नाहीत. आईला भरपाई मिळते, मुलाला कुणी मोजत नाही. ताईंनी वाचलं. चष्मा काढला. "हे इतकं आतून कसं लिहिलंस रे?" असं विचारलं.

मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी असं विचारलं होतं. मी सांगून टाकलं.

ताईंचे डोळे भरले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हे आपल्या दोघांतच राहील." पंधरवड्यानं म्हणाल्या, "परिसंवादानंतर कष्टकरी मातांचा सत्कार ठेवलाय. तुझ्या आईला आण ना. गोदामातलं काम, एकटीनं मुलगा वाढवला. बस, एवढंच."

एवढंच. मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "मले बोला लागन काय तिथं?"

"नाही गं. नुसतं बसायचं."

तिनं कामाचा खाडा केला. निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. गोदामातल्या बायकांना सांगून आली, माझा सत्कार आहे म्हणून. हे मला नंतर कळलं.

तर आईच्या खांद्यावर नुसती शाल पडली. टाळ्या जरा चाचरत आल्या. आणि मग निवेदिकेनं आवाज बदलला. पुण्यात निवेदन करणाऱ्या बायकांचा एक खास आवाज असतो, गहिवराचा. ती म्हणाली, "मित्रहो, आज आपण दूरदेशीच्या मुलांविषयी ऐकलं. पण असंच एक मूल आपल्यात आहे. एका काळ्या रात्रीनं आपल्याला दिलेलं उजेडाचं लेकरू. या मातेचा मुलगा. आपलाच कार्यकर्ता." मग गावाचं, जाळपोळीचं सगळं सांगून माझं नाव घेतलं. म्हणजे ताईंनी तिला सांगितलं होतं, तबक धरलेल्या मुलीलाही.

हॉल वळला. सगळा. मोबाइल वर आले. कॅमेरावाल्यानं स्टँड फिरवला.

मी आईकडं पाहिलं. तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. तिचा हात शालीवरून खाली आला आणि मांडीवर पडला. आणि कित्येक वर्षांनी तिनं सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

त्या नजरेत प्रश्न होता, तू सांगितलंस?

मी पळून जायला हवं होतं. नाही गेलो. आज्ञाधारकासारखा चालत स्टेजवर गेलो. पाय आपोआप गेले. शाल घ्यायला मान खाली केली. माईकमध्ये "धन्यवाद" म्हणालो. फोटोग्राफर म्हणाला, "आईच्या जवळ या ना जरा." तर सरकलो. हसलोसुद्धा. तो फोटो आहे. मी त्यात हसतोय. माझ्या अपमानाचे आभार मानताना मी कसा दिसतो, ते त्या फोटोत आहे.

आणि ती काळी रात्र. ती रात्र नव्हती. दुपार होती. मावशीनं मला सांगितलंय. भरदुपारी, ऊन डोक्यावर, आणि गाव ओट्यांवर उभं राहून बघत होतं. रात्र म्हटलं की बरं पडतं. अंधारात काय झालं, कुणी केलं, कुणाला दिसलं? कोणाचंच नाव घ्यायला नको. आणि मला रात्रीनं जन्म दिलेला नाही. त्या बाईनं दिला, जी तिथं शेजारी बसली होती आणि जिला कुणी विचारलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी माईक पुढं ओढला. "काटेकोर बोलायचं तर याला युद्ध म्हणता येणार नाही. हा स्थानिक तणाव झाला. त्यामुळं हे उदाहरण आपल्या विषयाच्या व्याख्येत बसत नाही. तरीही संवेदनशीलतेनं ऐकून घ्यायला हरकत नाही."

हरकत नाही. मोठी मेहेरबानी.

मग प्रश्नोत्तरं. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. अतिशय सभ्य आवाजात म्हणाले, "क्षमा करा हं, जिज्ञासा म्हणून विचारतो. आपण आईवर गेलेले दिसत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. कोणीतरी "श्शू" केलं. ताई म्हणाल्या, "प्रश्न थोडा संवेदनशील आहे, पण तुला उत्तर द्यावंसं वाटलं तर दे हं."

द्यावंसं वाटलं तर.

शेजारी आईनं मान खाली घातली. लहान मुलगी पकडली गेल्यावर घालते तशी. पकडली गेली म्हणून मान खाली कुणी घालायची? ज्यांनी घालायची ते आमच्या गावात अजून ओट्यावर बसतात. त्यातला एक सरपंच होऊन गेला. आणि इथं हॉलमध्ये, पंख्याखाली, मान माझ्या आईची खाली. आणि माझीही. आम्ही दोघं चोरासारखे बसलो होतो आणि ज्यांचं काही चोरीला गेलं नव्हतं ते आमची चौकशी करत होते.

तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. बिघडलं म्हणा हवं तर.

मी माईक घेतला. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. जास्त नाही बोललो.

"आजोबा, चेहऱ्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ज्यांच्याकडं आहे ते निर्दोष सुटलेत, त्यांना विचारा. सर, रस्ते अडवले, घरं जाळली, पुरुष हाकलले, बायका ठेवून घेतल्या. याला युद्ध म्हणत नसतील तर तुमची व्याख्या दुरुस्त करा, माझ्या आईला नको. आणि ताई, तुम्ही तिला विचारलं नाहीत. मलाही नाही. आम्ही निघतो."

शाल काढून टेबलावर ठेवली. आईला म्हणालो, "आई, शाल ठेव. चल."

आई उठली. शालीची नीट घडी केली आणि काखेत मारली. "ठिवू काहून? थंडीत कामी येते," म्हणाली आणि माझ्या पुढं चालायला लागली.

बसमध्ये खिडकीशी बसली. स्वारगेट आलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "तूच सांगतलं?"

"हो."

"काहून?"

"कोणीतरी विचारलं, आई. कोणी विचारत नाही."

मग मीच बोललो. इतकी वर्षं जिभेवर असलेलं. "तू माझ्याकडं बघत का नाहीस?"

बस सिग्नलला उभी होती. आई म्हणाली, "तुयाकडं पाह्यलं का तो दिसते. खोटं कायले सांगू? पहिले नव्हता दिसत. आता दिसते." मग, "तू तो नाहीस, हे मले रोज सोताले सांगा लागते, बाबू. रोज. एकदा सांगून नाही भागत."

शेजारच्या सीटवर कोणी पोरगा मोबाइलवर मोठ्यानं मॅच बघत होता. मी आपला तो स्कोअर ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. ताईंनी चहा मागवला. मी बसलो नाही.

"रेकॉर्डिंग पुसा," म्हणालो.

"अरे, इतकं प्रभावी झालंय ते. तू बोललास तो भाग तर फारच. आपण चेहरे धूसर करू."

"आवाज? गाव? सत्काराच्या फलकावरचं आईचं नाव?"

"बाळा, तू भावनेच्या भरात आहेस. हा विषय तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"ताई, विषय मीच आहे."

त्यांना खरंच कळलं नाही. वाईट बाई नाहीत त्या. माझ्या फीचे पैसे एकदा त्यांनी भरलेत. म्हणूनच जास्त लागतं. त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे की एखाद्याचं भलं करायचं असेल तर त्याची गोष्ट आपल्या मालकीची होते. मी हललो नाही. कॅमेरावाल्याला बोलावलं, माझ्यासमोर पुसायला लावलं. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. राजीनामा वगैरे काही दिला नाही. पत्रकांचा उरलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यात एका ओळीत ताईंनी माझ्या वाक्यात आपला शब्द घातला होता, "शापित बालकं". मी तो छापू दिला होता. माझ्या हातानं वाटला होता.

आणि पुसून झालंच नाही. हॉलमध्ये वर आलेले मोबाइल मी विसरलो होतो. दोन दिवसांत एक क्लिप फिरली. निवेदिकेचा गहिवर, आईचं नाव, माझं नाव. फिरत फिरत मार्केट यार्डात पोचली.

त्या संध्याकाळी आई घरी आली ती हात न धुता बसली. केसांत भुसा. मी पाणी दिलं. तिनं जे सांगितलं ते तसंच देतो.

गोदामात तिच्याबरोबर निवडायला बसणारी एक बाई आहे. इतक्या वर्षांची मैत्रीण. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "का गं, नवरा ट्रकखाली गेला म्हनून सांगत हुतीस की. आन् व्हिडिओत तर येगळंच हाय."

सुपं थांबली. हमाल थांबले. मुनीम दारात आला. पोतं वाहणारा एकजण म्हणाला, "जाऊ द्या की मावशी." त्यात दया होती. तीही नको होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सांगून टाकलं मी."

"काय?"

"म्हटलं, ट्रक नव्हता. नवरा नव्हताच. लेक हाय. तो माहा हाय." आईनं पाण्याचा घोट घेतला. "अन् म्हटलं, सूप हालव बाई, गहू तसाच पडला हाय."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणतीन? एक उठून दूर बसली. बाकीच्या बसल्या तिथंच."

दूर बसलेली ती अजून दूरच बसते. घरमालकीणबाईंनी परवा जिन्यात मला बघून दार लावून घेतलं. मावशीला दोन फोन आले, पोराचं लग्न कसं जमणार आता. ट्रक गेला तो गेलाच. सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. आई अजूनही माझ्याशी बोलताना कधी दाराकडं बघते. कधी माझ्याकडं. जेव्हा माझ्याकडं बघते तेव्हा तिला काय मोजावं लागतं ते आता मला माहीत आहे.

पण मी गोदामातल्या त्या वाक्यापाशी येऊन थांबलोय. लेक हाय, तो माहा हाय. कायद्यात नाही असं वाक्य. कायद्यात आई पीडित आहे, ते आरोपी होते, आणि मी कुठंच नाही. ना फिर्यादी, ना साक्षीदार. खटला चालू असताना मी होतो, आईच्या पोटात, मग कडेवर. कोणी म्हटलं नाही की या गुन्ह्यानं अजून एका माणसाचं काहीतरी घेतलंय, त्यालाही विचारा त्याला काय हवं. बोस्नियातल्या त्या मुलांनाही कोणी विचारलं नसेल. त्यांच्या फोटोंवर डोळ्यांना काळी पट्टी होती. परिसंवादात पडद्यावर ते फोटो मीच लावले होते.

हे लिहायला आईची परवानगी घेतली. तिला सगळं वाचून दाखवलं. एक जागा तिनं काढायला लावली, ती काढली. ती काय होती हे तुम्हाला कळणार नाही. तिची इच्छा.

आता माझं म्हणणं. विनंती नाही.

गावानं गावाच्याच माणसांवर चालून जाऊन जे केलं ते युद्ध होतं, आणि त्यातून जन्मलेलं प्रत्येक मूल त्या गुन्ह्यातलं पीडित आहे. त्याला शिक्षणाचा हक्क हवा, आणि ओळख लपवण्याचा आणि ओळख सांगण्याचा, दोन्हींचा हक्क हवा. त्याचं रक्त पुरावा म्हणून हवं असेल तर त्याला विचारून. त्याची गोष्ट हवी असेल तर त्याला विचारून. त्याच्या आईला विचारून, आधी.

दया दाखवणारे कार्यक्रम या शहरात होतच राहतील. हॉल आहेत, शाली आहेत, गहिवर तर भरपूर आहे. मी येणार आहे. बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. निवेदिका कोणा बाईला, कोणा पोराला स्टेजवर बोलवेल तेव्हा मी उभा राहीन आणि एकच विचारीन, यांना विचारलंत का? त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं "हो" म्हणेपर्यंत तो कार्यक्रम मी पुढं जाऊ देणार नाही. मला हॉलबाहेर काढायचं तर उचलून काढावं लागेल.